पहिल्या यादीत नाव नाही, पण नकारही आलेला नाही

प्रश्न मुखेड तालुक्यातल्या, अंगणवाडीत काम करणाऱ्या एका आईचा आहे. लेकीने लातूरला खोली करून नीटचं रिपीटर वर्ष केलं. राज्याच्या एमबीबीएसच्या पहिल्या यादीत तिचं नाव आलं नाही. तिच्या रँकच्या थोडंसं अलीकडेच यादी थांबली. तेव्हापासून पोरगी धड जेवत नाही. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत 'दुसऱ्या राऊंडला कट-ऑफ कितीवर येईल' याचे व्हिडिओ बघत बसते. वडिलांना एका एजंटने गाठलंय: खासगीत बसवून देतो, आधी पाच लाख टोकन द्या. ते दीड एकर गहाण टाकायच्या विचारात आहेत. चुलते म्हणतात बीएएमएस, म्हणजे आयुर्वेदाची पदवी, घेऊन मोकळे व्हा. क्लासवाले म्हणतात आणखी एक वर्ष करा, या आठवड्यात फी भरली तर सूट देतो. आणि पत्राच्या शेवटी आईने लिहिलंय, "मॅडम, नाही म्हणले असते तर रडून मोकळे झालो असतो. हे ना हो, ना नाही. काय करावं कळंना झालंय."

ताई, मी लातूरला बावीस वर्षं अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते आणि दर पावसाळ्यात पोरांचे ऑप्शन फॉर्म, म्हणजे महाविद्यालयांच्या पसंतीक्रमाचे अर्ज, भरायला बसते. तुमचं शेवटचं वाक्य मी दरवर्षी ऐकते. नापास झालेल्यापेक्षा लटकलेल्या पोराच्या घरात जास्त पडझड होते, हे मी बघितलंय. नापास झालेल्याचं घर चार दिवस रडतं आणि पाचव्या दिवशी पुढचं बघायला लागतं. लटकलेल्याच्या घरात माणसं रोज नवा निर्णय घेतात आणि रोज मोडतात. त्यातला एखादा निर्णय मोडता न येणारा निघतो. गहाणखत, भरलेली फी, सोडलेली जागा.

म्हणून माझं पहिलं सांगणं हे. तुमच्यापुढे आज चार प्रश्न दिसतायत: एजंट, बीएएमएस, रिपीट आणि दुसऱ्या राऊंडचं काय होणार. यातल्या एजंटला आज संध्याकाळी नाही म्हणा. बाकी तिन्हींच्या तारखा अजून आलेल्याच नाहीत. ज्याची तारीख आली नाही तो निर्णय आज घ्यायचा नाही. पण ती तारीख आल्यावर आपण काय करणार, हे मात्र आजच, डोकं शांत असताना, घरातल्या तिघांनी बसून वहीत लिहून ठेवायचं. यादी लागते त्या रात्री कुणाचं डोकं ठिकाणावर नसतं. तेव्हा वहीतलं वाचायचं आणि तसं करायचं.

आता यादी सरकते कशी ते समजून घ्या, कारण पोरीला सगळ्यात जास्त तेच छळतंय. तिला वाटतंय की कुणीतरी तिचा अर्ज हातात घेऊन विचार करतंय. तसं कुणीही करत नाही. शासकीय महाविद्यालयांतल्या १५ टक्के जागा ऑल इंडिया कोट्यातून एमसीसी ही केंद्राची समिती भरते आणि ८५ टक्के राज्याचा सीईटी सेल, म्हणजे राज्याची प्रवेशप्रक्रिया बघणारं कार्यालय, भरतो. दोन्हींच्या फेऱ्या आलटून पालटून चालतात. पहिल्या फेरीत वरच्या रँकची पुष्कळ पोरं दोन्हीकडे असतात. समजा, छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय महाविद्यालयात जागा मिळालेल्या एकाला ऑल इंडियातून नागपूरचं एम्स लागलं. त्याची जागा रिकामी झाली. लातूरच्या शासकीयला प्रवेश घेतलेली एक मुलगी बेटरमेंटमध्ये, म्हणजे हातातली जागा ठेवून वरच्या पसंतीची वाट बघत, तिथे सरकली. लातूरच्या जागेवर अंबाजोगाईचा आला, अंबाजोगाईच्या जागेवर परभणीचा, आणि परभणीला जी जागा उरली ती पहिल्या यादीत नाव नसलेल्या कुणाला तरी मिळाली. एक पोरगा वरून गेला आणि खाली चार-पाच जणांचं नशीब हललं. हे प्रत्येक प्रवर्गात वेगळं चालतं. तुमची लेक त्या रांगेत उभी आहे. रांग किती सरकेल हे वरच्यांनी काय निवडलं यावर आहे, आणि ते त्यांनी अजून निवडलेलंच नाही. मग मोबाइलवरच्या त्या माणसाला ते कुठून ठाऊक असणार?

हे तिला कागदावर बाण काढून दाखवा. मी दरवर्षी फळ्यावर काढते. पोरं शांत होतात, कारण 'मी कमी पडले' हे वाक्य त्या चित्रात कुठे बसत नाही.

व्हिडिओंबद्दल आणखी एक. त्यातले बहुतेक मागच्या वर्षीच्या मार्कांवरून यंदाचं सांगतात. मार्कांची तुलना वर्षावर्षांत होतच नाही. २०२४ ला सुधारित निकालातसुद्धा ७२० पैकी ७२० मिळवणारी १७ मुलं होती. २०२५ ला पेपर इतका अवघड निघाला की देशात पहिल्या आलेल्याला ६८६ होते. खुल्या प्रवर्गाची पात्रतेची रेषा १६२ वरून १४४ वर आली. २०२४ चे मार्क घेऊन २०२५ चा अंदाज बांधणाऱ्यांनी किती घरांत विनाकारण सुतक पाळायला लावलं, ते मी डोळ्यांनी बघितलंय. बघायचंच असेल तर राज्याच्या यादीतला आपला क्रमांक बघा, आपला प्रवर्ग बघा आणि मागच्या दोन वर्षांत पहिल्या यादीपासून शेवटच्या यादीपर्यंत तो क्रमांक किती खाली सरकला ते सीईटी सेलच्या संकेतस्थळावरच्या याद्यांतून उतरवून काढा. एका दुपारचं काम आहे. ते लेकीला करू द्या. दोनशे व्हिडिओंपेक्षा त्या एका तक्त्याने तिला जास्त कळेल. तरीही तो अंदाजच. पंधराएक वर्षांपूर्वी मी एका पोराला 'तुझं नक्की लागणार' म्हणाले होते. नाही लागलं. त्याच्या वडिलांनी माझ्या शब्दावर गावात पेढे वाटले होते. त्यानंतर मी 'नक्की' हा शब्द सोडला.

वाट बघणं यंदाच नशिबी आलंय असंही समजू नका. २०२१ च्या पोरांनी नीट दिली १२ सप्टेंबरला, निकाल १ नोव्हेंबरला लागला आणि आरक्षणाचा खटला सर्वोच्च न्यायालयात असल्यामुळे प्रवेशाच्या फेऱ्या सुरू व्हायला जानेवारी २०२२ उजाडला. त्यातला औशाकडचा एक विद्यार्थी माझ्याकडे यायचा. तो सकाळी वडिलांच्या कृषी सेवा केंद्रात हिशेब लिहायचा आणि दुपारी शेजारच्या दहावीच्या पोरांना शिकवायचा. त्याने भिंतीवरच्या कॅलेंडरवर फक्त ठरलेल्या तारखांना गोल केले होते. मी विचारलं, मधले दिवस रे? तर म्हणाला, "मधल्या दिवसात काही होत नाही मॅडम, मग बघायचं कशाला?" तेव्हापासून मी प्रत्येक पोराला हेच करायला सांगते. सीईटी सेलचं संकेतस्थळ दिवसातून एकदा, संध्याकाळी सहा वाजता, आईसोबत बघायचं. नोटीस आली असेल तर ती पूर्ण वाचायची, तारीख कॅलेंडरवर लिहायची आणि पान बंद करायचं. व्हॉट्सॲपवर आलेली पीडीएफ संकेतस्थळावर सापडत नसेल तर ती आलीच नाही असं धरायचं.

आता एजंट. यात मी अजिबात मऊ बोलणार नाही. खासगी वैद्यकीय महाविद्यालयांच्या राज्य कोट्याच्या जागा सीईटी सेल भरतो. त्यांचा इन्स्टिट्यूशनल कोटाही, म्हणजे जास्त फीच्या संस्थेच्या जागाही, नीटच्या गुणवत्तेवर, केंद्रीय प्रक्रियेतूनच भरल्या जातात. अभिमत विद्यापीठांच्या जागा एमसीसीकडे असतात. मधे 'बसवून देणारा' माणूस उभा राहील अशी जागाच या रचनेत नाही. मग तो काय करतो? पंधरा-वीस घरांकडून टोकन घेतो. त्यातल्या दोघा-तिघांचा नंबर त्यांच्या रँकवर तसाही लागणार असतो. तो लागला की 'मीच लावला' म्हणतो. उरलेल्यांना 'पुढच्या राऊंडला बघू' म्हणत दिवाळी गाठतो आणि नंतर फोन उचलत नाही. मालकांना सांगा की इन्स्टिट्यूशनल कोट्याची फी कित्येक पट असते, तीही साडेचार वर्षं. ती झेपणार असेल तर त्याचा पर्याय फॉर्ममध्ये स्वतः भरता येतो, त्यासाठी कुणाला टोकन द्यावं लागत नाही. रानावर बोजा चढवायचा असेल तर तो हातात अलॉटमेंट लेटर आल्यावर, महाविद्यालयाच्या खात्यात भरण्यासाठी. कुणाच्या डिक्कीत ठेवण्यासाठी नाही.

फॉर्मवर मात्र वेळ घालवा. वाट बघण्याच्या काळात तुमच्या हातात खरोखर एवढीच गोष्ट आहे. प्रत्येक फेरीला ऑप्शन फॉर्म नव्याने भरायचा की जुना चालतो, हे त्या फेरीच्या नोटिशीत दिलेलं असतं. 'भरलाय की आधीच' म्हणून बसलेली पोरं बाहेर राहिलेली मी बघितली आहेत. पर्यायांचा क्रम आपल्या खऱ्या आवडीचाच ठेवायचा. 'हे आपल्याला लागणार नाही, म्हणून खाली टाकू' असं कधीही करू नका. संगणक वरून खाली येतो. वरचं मिळालं नाही तर पुढच्याकडे जातो. वर अवघड महाविद्यालय ठेवल्यामुळे खालचं हातचं जात नाही. उलट सोपं वर ठेवलं तर तेच मिळतं आणि चांगलं दारात असूनही निघून जातं.

आणि यादी लांब ठेवा. जिंतूरकडच्या एका मुलीच्या फॉर्मवर तिच्या मामांनी माझ्यासमोर लाल पेनने गोंदिया, गडचिरोली, नंदुरबार खोडलं. "पोरीला एवढ्या लांब कोण धाडतंय?" तिने मान खाली घातली, मीही गप्प बसले. यादी लागली तेव्हा तिच्यापेक्षा खालच्या रँकच्या, तिच्याच प्रवर्गातल्या मुलाला नंदुरबार लागलं होतं. ती परत वर्षभर खोलीवर राहिली. त्या दिवशी मी गप्प बसायला नको होतं. आता मी वडीलधाऱ्यांना तोंडावर सांगते की लांबचं महाविद्यालय साडेचार वर्षांचं असतं आणि हुकलेली जागा परत बोलावता येत नाही. मराठवाड्यातल्या जुन्या माणसांच्या डोक्यात अजून ७०:३० बसलेलं आहे. पूर्वी ७० टक्के जागा त्या-त्या विभागातल्या पोरांना राखलेल्या असायच्या आणि आपल्याकडे महाविद्यालयंच कमी, त्यामुळे आपल्या पोरांना पुण्या-मुंबईकडे फारच थोडा वाटा मिळायचा. सप्टेंबर २०२० मध्ये ते रद्द झालं. आता अख्खं राज्य एकाच गुणवत्ता यादीवर आहे. शिवाय तेव्हा आपल्याकडे संभाजीनगर, अंबाजोगाई, नांदेड आणि लातूर ही चारच शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं होती. २०२२ ला धाराशिव, २०२३ ला परभणी, २०२४ ला जालना आणि हिंगोली सुरू झाली. मामांचा हिशेब चार महाविद्यालयांचा आहे, पोरीचा आठांचा आणि बाहेरच्या सगळ्यांचा आहे. नवीन महाविद्यालय म्हणून नाक मुरडू नका. पदवी तीच, नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची.

दुसऱ्या फेरीत काही मिळालं तर एका कागदापासून सांभाळा. त्याला स्टेटस रिटेन्शन फॉर्म म्हणतात. तो भरला की 'मला हीच जागा हवी, पुढच्या फेऱ्यांत मला धरू नका' असा अर्थ होतो. एका महाविद्यालयात प्रवेशाच्या टेबलावर एका पोराने पंधरा कागदांवर सह्या करता करता यावरही सही केली आणि पुढच्या फेरीत त्याच्याहून मागचा पोरगा पुढे गेला. बेटरमेंट हवं असेल तर तो भरायचा नाही. पण हेही लक्षात ठेवा की पुढच्या फेरीत वरचा पर्याय लागला की आधीची जागा आपोआप जाते, मग ती परत मागता येत नाही. म्हणून ज्या महाविद्यालयात खरंच जायचं नाही ते आता आहे त्याच्या वर ठेवायचं नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते, कारण तुम्ही सेतूच्या रांगेत उभं राहून हे सगळं केलेलंच असणार. जात वैधता हातात आहे ना, नॉन-क्रिमीलेअरची मुदत चालू आहे ना आणि मूळ टीसी कुठे आहे, एवढं आज बघून घ्या. सुरक्षित म्हणून बीएस्सीला प्रवेश घेतला असेल तर टीसी तिथे अडकलेली असते आणि नेमकं रिपोर्टिंगच्या, म्हणजे महाविद्यालयात हजर होऊन प्रवेश घ्यायच्या, शेवटच्या दिवशी तिथला क्लार्क रजेवर जातो. मुलींना उत्पन्नाच्या अटीत २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण शुल्कात आणि परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत आहे. तुमच्या प्रवर्गाला ती कशी लागू होते ते आधी विचारून घ्या. बीएएमएस की रिपीट हे ठरवताना फीचा आकडा बदलतो.

बीएएमएसच्या फेऱ्या वेगळ्या असतात आणि एमबीबीएसच्या मागून सुरू होतात. म्हणजे चुलत्यांना आज उत्तर द्यायची गरजच नाही. फक्त त्या गटाची नोंदणी आणि पर्याय भरण्याची तारीख चुकू देऊ नका. अर्ज भरला म्हणजे घेतलंच असं होत नाही. पशुवैद्यकीयलाही नीटचेच मार्क लागतात, पण तो अर्ज नागपूरच्या पशुविज्ञान विद्यापीठाकडे वेगळा भरावा लागतो. आपल्याकडे परभणीला आणि उदगीरला ती महाविद्यालयं आहेत, उदगीर तर तुमच्या मुखेडहून जवळ. घरात जनावरं असलेल्या पोरींना मी हे आवर्जून सांगते. तिथे शिकलेल्या माझ्या दोन विद्यार्थिनी आज सरकारी दवाखान्यात आहेत आणि एमबीबीएस हुकल्याचं त्यांच्या बोलण्यात कधी येत नाही.

रिपीटबद्दल विचाराल तर, नीटला प्रयत्नांची मर्यादा नाही, वयाची वरची अटही नाही, हे खरं. पण तिसऱ्यांदा बसायचं का, हे क्लासच्या सवलतीच्या तारखेवर ठरवायचं नसतं. सवलत पुढच्या महिन्यातही मिळते. मी तीन गोष्टी विचारते. तिच्या सराव पेपरांचे मार्क वर्षभर चढत होते का एका जागी अडकले होते? अडकले असतील तर ते कुठल्या विषयात, आणि ते बदलायला ती वेगळं काय करणार? आणि, हे मी आईवडिलांना बाहेर बसवून पोरीला विचारते, तुला डॉक्टर व्हायचंय की घरच्यांना सांगायची हिंमत होत नाही? एका मुलीने तिसऱ्या प्रश्नावर दहा मिनिटं काहीच उत्तर दिलं नाही. टेबलावरच्या खोडरबराचे बारीक तुकडे करत राहिली. मग म्हणाली, "मॅडम, मला बायोलॉजी आवडतं, दवाखाना नाही आवडत." ती आज परभणीच्या कृषी विद्यापीठातून वनस्पतींच्या रोगांवर पदव्युत्तर शिक्षण घेते आहे.

आता लेकीकडे. तिला 'टेन्शन घेऊ नको' म्हणू नका. ते ऐकून टेन्शन कधी गेलंय? तिला वेळेवर ताटावर बोलवा, बोलायचं की नाही ते तिच्यावर सोडा. रात्री दहानंतर घरातले सगळे मोबाइल स्वयंपाकघरात, एका ताटात, तुमचाही आणि मालकांचाही. एकटीचा काढून घेतलात तर ती शिक्षा होते. दिवसातला काही वेळ तिला असं काम द्या ज्याचं फळ संध्याकाळी दिसतं. तुमच्या अंगणवाडीत न्या, लेकरांची वजनं घ्यायला लावा, तक्ता भरायला लावा. वर्षभर जिने फक्त ओएमआर गोल काळे केलेत, तिला कुणाच्या तरी उपयोगी पडल्याचं दिसू द्या.

आणि ती जर म्हणाली की जगून काय उपयोग, किंवा आवडत्या वस्तू वाटायला लागली, किंवा एकाएकी फारच शांत झाली, तर 'असं बोलू नये' म्हणून गप्प करू नका. सरळ विचारा: जीव द्यायचे विचार येतायत का? विचारल्याने ते विचार डोक्यात घुसत नाहीत. उलट तिला कुणीतरी ऐकतंय हे कळतं. तिला एकटी ठेवू नका, फवारणीची औषधं घरातून कुलपात हलवा आणि १४४१६ वर टेली-मानसला फोन लावा. सरकारी सेवा आहे, चोवीस तास, फुकट, आणि मराठीत बोलतात. नांदेडच्या शासकीय रुग्णालयात मानसोपचार विभागही आहे. यात प्रवेशाची कुठलीही तारीख आडवी येऊ द्यायची नाही.

वहीत काय लिहायचं, तेही सांगते. एका पानावर: दुसऱ्या फेरीत वरच्या पर्यायांपैकी मिळालं तर रिपोर्टिंगला कोण सोबत जाणार, पैसे कुठून, गाडी कुणाची. दुसऱ्या पानावर: नाही मिळालं तर तिसऱ्या फेरीपर्यंत काय चालू ठेवायचं. तिसऱ्यावर: शेवटच्या फेरीनंतरही नाही, तर बीएएमएस, पशुवैद्यकीय, रिपीट यांतलं आधी काय आणि का. तिसरं पान लिहिताना तिघंही रडाल. लिहा तरी. ते पान लिहून झाल्यावर बहुतेक पोरं त्या रात्री झोपतात, असा माझा अनुभव आहे. ज्या अंधाराची भीती वाटत होती त्यात काय-काय ठेवलंय हे एकदा हात लावून बघितलेलं असतं.

तुम्ही पत्रात हेही विचारलंय की महालक्ष्म्यांना जावेकडे जायचं की नाही, कारण तिथे सगळे हाच प्रश्न विचारतील. लेकीला विचारा. ती येते म्हणाली तर न्या, नको म्हणाली तर घरी एकटी ठेवू नका, आजी किंवा मैत्रीण सोबत असू द्या. तिथे कुणी "काय झालं गं पोरीचं? काय करूलालीस आता?" म्हणालं, तर उत्तर तुम्ही द्यायचं, तिने नाही. एवढंच म्हणा, "पुढची यादी अमुक तारखेला आहे, लागली की आम्हीच कळवू," आणि आरतीचं ताट हातात घ्या. यादी लागायच्या दिवशी पान तिलाच उघडू द्या, तुम्ही शेजारी बसा. मग काय लागलं ते मला कळवा, लागलं नाही तरी कळवा.